हुशार पोट्टीला कोणतं पुस्तक द्यायचं?

'पोट्टी लय हुशार आहे, तिच्यासाठी चांगली पुस्तकं सांग' असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. पाठवणारे बहुतेक यवतमाळ जिल्ह्यातलेच. कुणी चुलतभाऊ, कुणी शाळेतला मित्र, कुणी आईच्या ओळखीतल्या बाई. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरात पुस्तकं बाळगतो, एवढंच त्यांना माहीत असतं. तेवढ्यावर मी त्यांच्यासाठी या विषयातला तज्ज्ञ ठरतो. हा लेख म्हणजे त्या मेसेजचं लांबलेलं उत्तर आहे.

त्या मेसेजमधला 'चांगली' हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. विचारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ साधारण 'पुढची' असा असतो. पोरगी तिसरीत आहे, तर पाचवीचं द्या. पाचवीत आहे, तर आठवीचं द्या. मराठीतलं झटकन वाचते, तर इंग्रजीतलं द्या. हुशारी म्हणजे वेग, आणि पुस्तक म्हणजे पुढचा टप्पा. मला हे पटत नाही. हुशार मुलाला पुढचं पुस्तक लागत नाही, खोल पुस्तक लागतं. आणि या दोन गोष्टी दुकानात एकाच कपाटात सापडत नाहीत.

चार पर्यायांतलं वाचन

आपल्याकडे मूल हुशार आहे हे कळतं कसं, इथून सुरुवात करू. बहुतेक वेळा परीक्षेतून. शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आणि त्याहून मोठी आशा म्हणजे नवोदय. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची कल्पना आली. यवतमाळ जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. पाचवीतल्या मुलांनी परीक्षा द्यायची आणि सहावीत प्रवेश मिळवायचा. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. कोरडवाहू शेती असलेल्या घरातल्या मुलाला फुकट, निवासी आणि दर्जेदार शिक्षण मिळण्याचा हा रस्ता आहे. त्याला नाक मुरडण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

पण त्या परीक्षेच्या तयारीचा वाचनावर काय परिणाम होतो, हे बघायला हवं. पेपरमध्ये बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. भाषेच्या भागात उतारा दिलेला असतो, खाली प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. एक बरोबर, तीन चूक. वर्षभर असे उतारे सोडवणारं मूल वाचनाची एक पद्धत शिकतं. मजकुरात उत्तर लपलेलं आहे, ते शोधायचं, गोल रंगवायचा, पुढे जायचं. उतारा पुन्हा वाचायची गरज नाही. उताऱ्याशी भांडायचं तर मुळीच नाही.

आमच्या कामात याला नेमकी तुलना आहे. एखादा प्रोग्राम दिलेल्या सगळ्या टेस्ट केस पास होतो, म्हणजे तो बरोबर आहे असं होत नाही. ज्या केसचा विचार कुणी केलाच नव्हता तिथे तो कसा वागतो, ते बघावं लागतं. उतारे सोडवण्यात तरबेज झालेल्या मुलाचंही तसंच आहे. ज्या मजकुराखाली पर्याय नाहीत, तिथे ते काय करतं?

माझी भाची नऊ वर्षांची आहे. गोष्टीचं एक पुस्तक संपवून ती मला फोनवर म्हणाली, 'मामा, याच्यात शेवटी त्याचं बरोबर का याचं, हे सांगतलंच नाही.' आवाजात तक्रार होती. मी म्हटलं, 'तुले काय वाटते?' पलीकडे बराच वेळ शांतता, आणि मग दहा मिनिटं अखंड बडबड. ती शांतता निर्माण करणारं पुस्तक मला तिच्यासाठी हवं आहे. अशी पुस्तकं गाइडच्या दुकानात मिळत नाहीत, आणि तालुक्याच्या गावातली बहुतेक दुकानं गाइडचीच असतात.

लाल त्रिकोण

गाइडच्या शेजारी दुसरा ढीग असतो, सामान्य ज्ञानाचा. हुशार मुलाला वाढदिवसाला हमखास मिळणारं पुस्तक. सर्वांत मोठा महासागर, सर्वांत लांब नदी, कोणत्या देशाची राजधानी कोणती. पाहुण्यांसमोर मूल हे धडाधड सांगतं, पाहुणे खूश, आईबाप त्याहून खूश.

माहितीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप निवडीवर आहे. या पुस्तकांतलं जग नेहमी दुसरीकडे कुठेतरी असतं, आणि त्यातल्या एकाही वाक्याचा मुलाच्या अंगणाशी संबंध येत नाही.

2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत त्यातलं कुणीतरी होतं. आता एक साधी गोष्ट बघा. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असलेला चौकोन छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याहून जरा कमी, मग निळा, मग हिरवा. ज्या घरात कपाशी आहे त्या घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हा त्रिकोण शेकडो वेळा पाहिलेला असतो. पॅसिफिक महासागर त्याने कधीच पाहिलेला नसतो. आणि त्याचं सामान्य ज्ञान त्याला महासागराबद्दल सांगतं.

एखाद्या विज्ञानाच्या पुस्तकाने त्या त्रिकोणापासून सुरुवात केली असती तर? विष म्हणजे काय, ते किड्याला मारतं तेव्हा नेमकं काय बिघडवतं, तेच माणसाच्या शरीरात कसं पोचतं, श्वासातून की कातडीतून, वाऱ्याच्या दिशेला का महत्त्व आहे. यात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, थोडं भौतिकशास्त्रसुद्धा. हुशार मूल याच्या मागे लागलं असतं आणि संध्याकाळी बापाला प्रश्न विचारले असते. मुलांच्या विज्ञान-पुस्तकाला लावायची माझी पहिली कसोटी ही आहे: वाचून झाल्यावर मूल घरातल्या एखाद्या वस्तूकडे वेगळ्या नजरेने बघतं का?

या कसोटीला उतरणारं काम मराठीत उपलब्ध आहे. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांची पुस्तकं घ्या. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञान उभं राहतं. त्यातलं काहीही विकत आणायला जिल्ह्याच्या गावी जावं लागत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा फुकट आहे आणि तो फोनवर उघडतो.

लेव्हल नावाचा घोळ

पुस्तक निवडताना दुसरा गोंधळ वयोगटाचा. 'वय 6 ते 8', 'लेव्हल 3' असे शिक्के असतात. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलासाठी ते उपयोगी आहेत. पण हे शिक्के वाक्यांची लांबी, शब्दांची संख्या, जोडाक्षरं मोजतात. खोली मोजायला त्यांच्याकडे साधन नाही. त्यामुळे हुशार मुलाचे पालक सगळ्यात आधी चित्रांची पुस्तकं बंद करतात. 'ती आता मोठी पुस्तकं वाचते' हे अभिमानाने सांगतात.

इथे माधुरी पुरंदरे यांचं काम आठवावं. 2014चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना एकूण कामगिरीसाठी मिळाला. त्या लिहितातही आणि चित्रंही स्वतःच काढतात, हे त्यांच्या पुस्तकांत फार महत्त्वाचं आहे. मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगतं. 'राधाचं घर' या संचातली वाक्यं पहिलीतलं मूल वाचेल इतकी सोपी आहेत. पण पानाच्या कोपऱ्यात काय पडलंय, मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आहे, दोन माणसं एकमेकांकडे कशी बघतात, हे वाचायला दुसरी-तिसरी फेरी लागते. चलाख मूल पहिल्या फेरीत पुस्तक तीन मिनिटांत संपवतं. त्याला 'आता फक्त चित्रं वाच' असं सांगून बघा. वेग तिथे कामाला येत नाही.

पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' हे तर मला हुशार मुलांसाठीचं मराठीतलं सगळ्यात उपयोगी पुस्तक वाटतं. बालगट आणि कुमारगट अशा भागांत मराठी साहित्यातले वेचे आणि त्यांच्या सोबतीला चित्रकारांची चित्रं. मुलांसाठी म्हणून मजकूर पातळ केलेला नाही. मोठ्या लेखकांचा खरा मजकूर थेट मुलाच्या हातात दिला आहे, फक्त कुठून कुठपर्यंत द्यायचा हे नीट ठरवून. एखाद्या वेच्यात मूल अडकलं तर ते त्या लेखकाच्या मूळ पुस्तकाकडे जाऊ शकतं. पुढच्या इयत्तेचं पुस्तक देण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. एक उणीव मात्र जाणवते. पुस्तक इतकं देखणं आहे की आपल्याकडच्या घरांत ते कपाटात नीट ठेवलं जातं. ते फाटेपर्यंत वाचलं जावं.

फुरसुंगीचा पोऱ्या आणि जगतापांची गोष्ट

साहसाची गोष्ट निघाली की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येतोच. आमच्या पिढीतल्या अनेकांनी 2017चा सिनेमा आधी पाहिला आणि पुस्तकं नंतर वाचली, किंवा वाचलीच नाहीत. बनेश फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला किडकिडीत मुलगा. गावाकडून शहरात आलेला मुलगा शहराला पुरून उरतो, हा या पुस्तकांचा पाया आहे. पुण्याच्या वाचकाला त्याचं फार वाटत नसेल, दारव्ह्याच्या वाचकाला वाटतं. मला वाटलं होतं. भागवत उपदेश करत नाहीत, मोठ्या माणसांना मध्ये येऊ देत नाहीत आणि वाक्य पळतं ठेवतात. शिवाय पुस्तकवेड्या मुलालाही नायक होता येतं, हे त्यांनी बिपिन बुकलवारच्या रूपात दाखवलं.

पण समीक्षा करायची तर पूर्ण करू. फास्टर फेणेच्या जगात मुली कडेला असतात. माझ्या भाचीने दोन पुस्तकं वाचून 'याच्यात पोरी काहीच करत नाहीत' एवढंच म्हटलं आणि तिसरं मागितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत: तिचा आक्षेप आणि तिची भूक. हुशार मुलाच्या हातात निर्दोष पुस्तकच द्यावं असं मला वाटत नाही. दोष दिसणं हा वाचनाचाच भाग आहे. फक्त तो दिसल्यावर बोलायला घरात कुणीतरी हवं.

फेण्याची पुस्तकं वेग देतात. प्रश्न हवे असतील तर जयंत नारळीकर. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आपल्या नावाचा फायदा मिळू नये म्हणून टोपणनावाने स्पर्धेत उतरतो. परीक्षेच्या मार्कांवर वाढणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

नारळीकरांच्या कथांमधली माणसं तशी सपाटच असतात. शास्त्रज्ञ, त्याचा मित्र, एखादा अधिकारी, आणि सगळे एकाच शांत सुरात बोलतात. साहित्य म्हणून ही मर्यादा मानायला हवी. पण त्यांची कल्पना कधीच फसवी नसते. एका कथेत माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन परत येतो, आणि त्यामागे मोबियस पट्टीची कल्पना आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, एक पीळ द्या, टोकं चिकटवा. आता तिला एकच बाजू आहे. दहा वर्षांचं मूल हे दोन मिनिटांत करून बघू शकतं आणि पट्टी मधोमध उभी कापली की काय होतं हेही. दुसऱ्या एका कथेत गंगाधरपंत अशा जगात पोचतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. तिथून पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या फांदीवर जातो. आपल्याकडे इतिहास म्हणजे सनावळी किंवा अभिमान. इतिहास हा असाही विचार करण्याचा विषय आहे, हे मुलाला पहिल्यांदा इथे कळू शकतं.

मोठे जे लपवतात

हुशार मुलांची एक अडचण कुणी बोलत नाही. त्यांना लवकर कळतं. घरात पैशाची ओढाताण आहे हे कळतं. शेजारच्या काकांच्या घरी गर्दी का जमली होती आणि सगळे हळू आवाजात का बोलत होते, हेही कळतं. शब्द मिळालेले नसतात, पण अंदाज बरोबर असतो. आपल्या जिल्ह्यात हे जरा जास्तच लवकर घडतं. यवतमाळचं नाव बाहेर कोणत्या बातमीमुळे माहीत आहे, ते इथल्या मुलांनाही माहीत आहे.

जानेवारी 2019मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. निमंत्रणाचा वाद देशभर गाजला आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर चालवणाऱ्या बाईंनी. मोठ्यांच्या साहित्याने तो प्रश्न निदान मंचावर आणला. मुलांच्या पुस्तकांत तो क्वचित येतो. तिथला शेतकरी अजून बैलजोडी घेऊन हसत शेताला जातो आणि आभाळात इंद्रधनुष्य असतं.

मुलांना दुःखाची पुस्तकं द्या असं मी म्हणत नाही. पण जे मूल घरातलं सगळं ऐकतं, त्याला फक्त इंद्रधनुष्याची पुस्तकं दिली तर ते पुस्तकांवरचा विश्वास गमावतं. पुस्तकात खरं नसतं, असा निष्कर्ष ते काढतं. हुशार मूल वाचणं सोडतं तेव्हा दर वेळी मोबाइल हेच कारण नसतं.

म्हणून 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक 1981चं, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने छापलेलं. शाळेतून काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते आणि मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेतात. आपल्याकडे हे पुस्तक शिक्षक आणि पालक जास्त वाचतात आणि आनंददायी शिक्षणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मुलांच्या बाजूने वाचलं की ते वेगळं दिसतं. त्यात पिल्लं मरतात. पोलिओ झालेला मित्र मरतो. शेवटी युद्धात शाळा जळते. लेखिका यातलं काही लपवत नाही आणि कशावरही रडारड करत नाही. एवढ्या हलक्या हाताने मृत्यूबद्दल बोलणारं पुस्तक नऊ वर्षांच्या मुलाला देता येतं, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी माझी निवड ठरलेली आहे, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. 1955ची ही छोटी कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नाही. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा शिक्षक, हळूहळू उलगडणारी वाडी, आणि शेवटी दुष्काळ. माणसं निघून जातात, वाडी रिकामी होते. माणदेशातली ही गोष्ट यवतमाळच्या मुलाला परकी वाटत नाही. पाऊस न येणं म्हणजे काय, हे त्याला टिपा देऊन समजवावं लागत नाही. पुस्तकात कुणी खलनायक नाही, कुणी येऊन वाचवतही नाही. भाषा इतकी साधी आहे की सहावीतलं मूल न अडखळता वाचेल. अर्थ पुरायला पुढची वीस वर्षं लागतील. खोल पुस्तक म्हणतो ते हे.

चित्रातला वाघ आणि रस्त्यावरचा वाघ

नोव्हेंबर 2018मध्ये टी-1 उर्फ अवनी ही वाघीण मारली गेली. त्याआधीचे कित्येक महिने राळेगाव-पांढरकवडा भागातली माणसं शेतात जायला घाबरत होती. देशभरात तिच्यासाठी मोर्चे निघाले आणि इथल्या गावांत सुटकेचा श्वास सोडला गेला. या दोन भावनांच्या मधे उभं राहून विचार करायला मुलाला काय मिळतं? चित्रांच्या पुस्तकातला वाघ एकतर गोड असतो नाहीतर दुष्ट असतो.

इथे विदर्भाच्या जंगलाने मराठीला दिलेलं लेखन कामाला येतं. विलास मनोहरांचं 'नेगल' हेमलकशाला वाढवलेल्या जंगली प्राण्यांबद्दल आहे. माया लावली तरी बिबट्या बिबट्याच राहतो, हे त्यात अनुभवातून येतं. माडगूळकरांचं 'नागझिरा' म्हणजे जंगलात राहून, गप्प बसून बघितलेल्या गोष्टी. त्यात घडतं फार कमी. हुशार पण उतावळ्या मुलाला हे पुस्तक सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल. हरकत नाही. कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी असतं, हे कळण्याचं तेच वय आहे.

मले, तुले आणि छापील मराठी

आता भाषा. आमच्याकडे हुशार मुलाला सगळ्यात आधी 'शुद्ध' बोलायला शिकवतात. 'मले' नाही, 'मला' म्हण. मग इंग्रजी. म्हणजे हुशारीची पहिली किंमत घरची बोली. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना तर ही किंमत दोनदा मोजावी लागते.

प्रकाश नारायण संतांचा लंपन इथे मदत करतो. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तकं. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. त्याचं गाव बेळगावकडचं आणि त्याची मराठी कानडीच्या शेजारात वाढलेली. शिवाय त्याने स्वतः बनवलेले शब्द, त्याची स्वतःची मोजमापं. लेखक हे काहीही दुरुस्त करत नाही. हे वाचताना वऱ्हाडी मुलाला आपली बोली सापडत नाही, पण त्याहून उपयोगी गोष्ट सापडते: आपण मनात ज्या भाषेत विचार करतो तीही छापता येते. त्याच्या जोडीला यवतमाळचेच कवी शंकर बडे यांच्या वऱ्हाडी कविता घरात मोठ्याने वाचाव्यात. आजीला बोलावून वाचाव्यात. उच्चार चुकला तर ती दुरुस्त करेल, आणि त्या दिवशी घरातली सगळ्यात हुशार वाचक ती असेल.

हुशारी कशासाठी?

मराठीत बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा पद्धतशीर विचार आप्पा पेंडसे यांनी केला. 1962मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू झाली ती याच हेतूने. त्यांच्या मांडणीतला मला पटणारा भाग असा, की बुद्धी हे वैयक्तिक भांडवल नाही, ती समाजाच्या कामी यायला हवी. कुणाला बुद्धिमान म्हणायचं आणि ते कशाने मोजायचं, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण 'हुशारी कशासाठी' हा प्रश्न तरी तिथे विचारला गेला. आपल्याकडे त्याचं उत्तर गृहीत असतं: इथून बाहेर पडण्यासाठी. पुस्तक म्हणजे गावाबाहेर जाणाऱ्या एसटीचं तिकीट. मीही त्याच एसटीत बसून आधी अमरावतीला आणि मग पुण्याला आलो, त्यामुळे तिकिटाला मी वाईट म्हणणार नाही. पण जे पुस्तक मुलाला फक्त बाहेर नेतं आणि परत अंगणाकडे बघायला लावत नाही, ते अर्धंच काम करतं.

'हे सगळं मिळणार कुठे?' हा रास्त प्रश्न आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो. तिथे जाऊन पुस्तकाचं नाव सांगून मागणी नोंदवा. मागणी नसेल तर खरेदीच्या यादीत मुलांची पुस्तकं शेवटी जातात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. मराठीतले मोठमोठे लेखक तिथे मुलांसाठी लिहून गेले आहेत. 2015पासून चालू असलेल्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत भरपूर चित्रपुस्तकं आहेत. बापाचा फोन संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी पुरे.

आणि एक विनंती, खास करून माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या मामा-मावशी-काकांना. पोळ्याला किंवा दिवाळीला घरी जाताना एकच पुस्तक न्या, पण ते आधी स्वतः वाचून न्या. दुसऱ्या दिवशी 'समजलं का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' एवढंच येतं. 'तुले त्यातलं काय पटलं नाही?' असं विचारा आणि मग गप्प बसा.